धर्माची गाय आणि आपले आरोग्य

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



आजच्या व्याख्यानाचा विषय पत्रिकेत छापला आहे तो असा : 'सार्वजनिक आरोग्याच्या कामी बिनसरकारी व आंतरराष्ट्रीय संस्थांचा वाटा'. हे भारदस्त नाव वाचून दोघीतिघींनी विणकामाच्या पिशव्या बरोबर आणलेल्या मला इथून दिसत आहेत. माझी काही हरकत नाही. हाताला काम असले म्हणजे कान मोकळे राहतात. परंतु विषय वाटतो तितका दूरचा नाही, हे मात्र आरंभीच सांगते.

गेल्या महिन्यात आपल्या मंडळाकडे एक पत्र आले, हे बहुतेकींच्या कानावर आहेच. पत्र एका आरोग्यसंस्थेचे आहे. तिला परदेशातून निधी मिळतो. आपल्या सभागृहात आठवड्यातून दोन दिवस बायकांसाठी तपासणी केंद्र चालवावे, रक्तदाब, साखर, रक्तातील लोहाचे प्रमाण पाहावे आणि औषधे विनामूल्य द्यावीत, असा त्यांचा प्रस्ताव आहे. मुदत दोन वर्षे. ह्या पत्रावरून कार्यकारिणीत दोन तट पडले आहेत. एकींचे म्हणणे, परक्याचा पैसा दारात नको. दुसऱ्यांचे म्हणणे, देतात तर घ्या, चौकशा कशाला करता? आपल्याकडे म्हण आहेच, 'धर्माची गाय अन् दात का गं नाय!' मला ह्या दोन्ही बाजूंशी थोडे भांडायचे आहे, आणि त्यासाठीच हा विषय मी मागून घेतला.

प्रथम ह्या संस्था कोण, हे थोडक्यात पाहू. जागतिक आरोग्य संघटनेची घटना ७ एप्रिल १९४८ रोजी अमलात आली. तिची मुख्य कचेरी जिनीव्हाला, आणि आपल्या बाजूच्या देशांसाठी विभागीय कचेरी दिल्लीला. युनिसेफ तिच्या आधीची. डिसेंबर १९४६ मध्ये, महायुद्धात होरपळलेल्या मुलांसाठी ती निघाली. ह्या दोन्ही संस्था अनेक देशांच्या सरकारांनी मिळून चालवलेल्या. रोटरी क्लब, किंवा बांगलादेशातील 'ब्रॅक', किंवा आपल्या गडचिरोलीतील 'सर्च', ह्या बिनसरकारी. पुष्कळांची समजूत असते की जागतिक आरोग्य संघटना म्हणजे कुठेतरी मोठमोठी इस्पितळे चालवणारी संस्था. तसे नाही. कोणते औषध किती द्यावे, कोणती लस भरवशाची, साथ कुठे उठली आहे, हे देशोदेशींच्या जाणकारांना एकत्र बसवून ठरवणे आणि सगळ्यांना कळवणे, हे तिचे मुख्य काम. स्वयंपाक ती करत नाही. मापे आणि पाककृती तिच्याकडून येतात, आणि चूल ज्याची त्याने पेटवायची.

आता तिच्या पैशाविषयी एक गोष्ट सांगते. मंडळ चालवणाऱ्या बायकांना ती इतर कोणाहीपेक्षा लवकर समजेल. आपल्याला वर्गणी आणि देणगी ह्यांतला फरक ठाऊक आहे. वर्गणी मंडळाची. ती झाडूवर खर्च करावी की हळदीकुंकवावर, हे आपण ठरवतो. देणगी येते ती देणाऱ्याच्या मनाप्रमाणे. पंखा देणाऱ्याला पंख्याच्या पात्यावर नाव हवे असते. गळके छप्पर दुरुस्त करायला पैसे मागितले तर तो हात आखडतो, कारण छपराच्या आतल्या बाजूला नाव लिहून वाचणार कोण? जिनीव्हाची तऱ्हा निराळी नाही. २०२२ साली सदस्य देशांनी ठरवले की आपली ठरीव वर्गणी हळूहळू वाढवत मूळ अंदाजपत्रकाच्या निम्म्यापर्यंत न्यायची. त्यापूर्वी ती पाचव्या हिश्श्याहूनही कमी पडत होती. बाकी सारा खर्च देणग्यांवर, आणि देणग्यांपैकी बहुतेक अमुक रोगासाठी, तमुक देशासाठी अशा बांधून दिलेल्या. देणाऱ्याला जो रोग महत्त्वाचा वाटेल त्याला पैसा. बाळंतपणातल्या रक्तस्रावाला किंवा साध्या दवाखान्याच्या पगाराला तो मिळेलच असे नाही.

आणि देणगीदाराचे मन फिरले म्हणजे? जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेने ह्या संघटनेतून बाहेर पडण्याचे जाहीर केले. त्याच वर्षी परदेशांना मदत देणारे तिचे स्वतंत्र खाते बंद झाले आणि १ जुलैपासून उरलेसुरले काम परराष्ट्र खात्याकडे गेले. ज्या देशांत क्षयाची आणि एड्सची औषधे, दाया, तपासनीस सगळेच त्या पैशावर चालत होते, तिथल्या लोकांना काही आठवड्यांत नवा आधार शोधावा लागला. ह्यात त्या रोग्यांचा दोष तो काय? म्हणून, संस्था निघून गेल्यावर मागे काय राहील, हा प्रश्न मी आज पुन्हा पुन्हा विचारणार आहे.

ह्याचे उत्तर ज्या गोष्टीत मला सर्वांत चांगले सापडले ती आता सांगते. ती आपल्या स्वयंपाकघरातलीच आहे.

१९७१ साली पूर्व बंगालमध्ये युद्ध पेटले आणि लाखो निर्वासित सरहद्द ओलांडून पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव म्हणून सरहद्दीजवळचे एक गाव आहे. तिथल्या छावण्यांत पटकी पसरली. पटकीत माणूस मरतो तो जंतूंच्या विषाने अंगातले पाणी आणि क्षार वाहून गेल्यामुळे. धडधाकट माणूस सकाळी आजारी पडून संध्याकाळी दगावतो. त्या वेळी मान्य उपाय एकच, शिरेतून सलाइन देणे. बनगावच्या इस्पितळात पटकीच्या रोग्यांसाठी दोन खोल्या आणि सोळा खाटा होत्या. रोगी जमिनीवर, ओल्या घाणीत पडलेले. त्यांना सलाइन लावायला कोलकात्याहून आलेले डॉक्टर दिलीप महालनबीस ह्यांना त्या घाणीत गुडघे टेकून बसावे लागे. थोड्याच दिवसांत सलाइनचा साठा संपत आला.

ग्लुकोजबरोबर दिले तर आतडे मीठ आणि पाणी शोषून घेते, हे तोवर शास्त्रज्ञांना कळले होते. ढाक्यात आणि कोलकात्यात निवडक रोग्यांवर तसे प्रयोगही झाले होते. त्याही आधी, १९५३ साली, कोलकात्याचे डॉक्टर हेमेंद्रनाथ चॅटर्जी ह्यांनी पटकीवर तोंडाने द्यायच्या अशाच उपचाराविषयी एका नामांकित विलायती वैद्यकीय पत्रात लिहिले होते. कोणी फारसे लक्ष दिले नाही. इतके स्वस्त औषध खरे असेल, असे मोठ्या माणसांना वाटत नाही, हा अनुभव आपल्याला घरातही येतो. असो. महालनबीसांनी ठरवले की आता पाजायचेच. कोलकात्यात त्यांच्या माणसांनी ग्लुकोज, मीठ आणि खाण्याचा सोडा मोजून पुड्या बांधल्या. छावणीत नळ लावलेली पिंपे ठेवली. रोग्याजवळची आई, बहीण, नवरा, जो कोणी असेल त्याने पेल्यात भरून आणावे आणि घोट घोट पाजत बसावे. ओकला तरी पाजावे. लोकांचा विश्वास बसावा म्हणून त्यांनी त्याला 'तोंडाने घ्यायचे सलाइन' असे नाव दिले. आपल्या लोकांना सलाइन ह्या शब्दाची केवढी भूल, हे मी सांगायला नको!

पूर्वी शंभरांतले तीस रोगी दगावत होते. ते प्रमाण चारांच्या खाली आले. आणि पाजणाऱ्यांत परिचारिका थोड्या, घरची माणसेच पुष्कळ.

एवढे झाले तरी पुष्कळ तज्ज्ञांचा विश्वास बसेना. शिकलेल्या परिचारिकेने मोजून द्यायचे औषध अडाणी आईच्या हाती कसे द्यावे, ही त्यांची शंका. ह्या ठिकाणी आंतरराष्ट्रीय संस्थेचे खरे मोल दिसते. जागतिक आरोग्य संघटनेचे धीमान बरुआ बनगावला स्वतः येऊन पाहून गेले आणि पुढे त्यांनी हा उपाय संघटनेत लावून धरला. १९७८ पासून संघटनेने अतिसाराविरुद्ध जगभर कार्यक्रम काढला आणि युनिसेफने पुड्या देशोदेशी पोचवल्या. बनगावची पुडी अशी जगाची झाली. एकट्या डॉक्टरच्या शब्दाला जे वजन आले नसते ते संघटनेच्या शिक्क्याने आले. ज्यांना परके काहीच नको त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आणि ज्यांना परके ते सगळे थोर वाटते त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की ही वस्तू जिनीव्हाहून आपल्याकडे आली नाही, आपल्या बाजूने तिकडे गेली.

पण पुडी झाली म्हणजे पोर वाचले असे होत नाही. ती रात्री दोन वाजता घरात हवी, आणि आईला करता यायला हवी. हे काम पुढे बांगलादेशात ब्रॅकने केले. फजले हसन आबेद ह्यांनी १९७२ साली, युद्धातून परतलेल्या लोकांच्या पुनर्वसनासाठी ही संस्था काढली होती. त्यांनी विचार केला, खेड्यात पुड्या केव्हा पोचणार आणि विकत कोण घेणार? प्रत्येक घरात मीठ आहे, गूळ आहे. तीन बोटांची एक चिमूट मीठ, एक मूठ गूळ, अर्धा शेर पाणी. एवढेच शिकवायचे, पण घरोघर जाऊन, आईच्या समोर बसून, तिच्याकडून करवून घेऊन. १९८० पासून दहा वर्षे हे काम चालले. गावोगाव मुक्काम करत फिरणाऱ्या बायकांच्या टोळ्यांनी सुमारे सव्वा कोटी घरे शिकवून काढली. त्या काळी त्या मुलखात बाईने परगावी मुक्काम करून हिंडणे म्हणजे केवढे धाडस, हे वेगळे सांगायला नको.

ह्या कामातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. पहिली, पगाराची. शिकवणारीने किती घरे केली ह्यावर तिचा पगार नव्हता. महिन्याभराने दुसरा माणूस काही घरांत जाऊन आईला विचारी, तुला काय काय आठवते? तिने केलेल्या पाण्याचा नमुना तपासला जाई, मीठ बरोबर पडले का म्हणून. आईला जेवढे मुद्दे आठवत तेवढा शिकवणारीचा मोबदला. आपल्याकडे किती शिबिरे झाली आणि किती हजर होत्या हे अहवालात छापतात. किती जणींना महिन्याने काय आठवले, हे कोणी छापल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपल्या स्वतःच्या अहवालातही ते नसते.

दुसरी गोष्ट अशी. आरंभी असे आढळले की बायकांना कृती पाठ, पण पोराला हगवण लागली तर करून पाजणाऱ्या फार थोड्या. का? शोध घेतला तेव्हा कळले की शिकवणाऱ्या बाईचाच त्यावर पुरता विश्वास नव्हता. तिला स्वतःला जुलाब झाले तर ती दुसरेच औषध घ्यायची! मग संस्थेने शिकवणाऱ्यांना प्रयोगशाळेत नेऊन हे पाणी अंगात काय करते ते समजावून दाखवले. त्याचबरोबर पुरुषांनाही हाट-मशिदींत सांगू लागले. घरात बाजार तेच करत, आणि त्यांना न विचारता काही पाजायची बायकांना धास्ती. पुढे वापर वाढला, तो ह्यानंतर. ब्रॅकलाही बाहेरून, युनिसेफकडून आणि स्वीडनकडून, पैसा मिळत होता. पण तो संपल्यावर बांगलादेशच्या खेड्यातल्या बाईची चिमूट तिच्याकडेच राहिली आणि तिने ती लेकीला शिकवली.

(येथे काहींनी आपल्या घरी कसे करावे, असे विचारले. पुडी मिळत असेल तर पुडीच वापरावी. तिच्यावर लिहिले असेल तेवढ्याच पाण्यात, आधी उकळून थंड केलेल्या. नसेल तेव्हा एक लिटर स्वच्छ पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. मीठ जास्त पडता कामा नये. चव डोळ्यांतल्या पाण्याहून खारट लागली तर ते टाकून नवे करावे. अंगावरचे दूध आणि जेवण बंद करू नये. पोटात काही ठेवू नका, हा आपल्या आजीचा सल्ला ह्या एका बाबतीत चुकीचा होता. लहान मुलांना जस्ताच्या गोळ्याही देतात. त्या सरकारी दवाखान्यात मिळतात. मूल मलूल झाले, डोळे खोल गेले, शौचात रक्त दिसले, तर वाट न पाहता दवाखाना गाठावा.)

आता आपल्या गडचिरोलीकडे येऊ. डॉक्टर राणी आणि अभय बंग ह्यांनी १९८६ साली तिथे 'सर्च' संस्था सुरू केली. बाळे जन्मल्यानंतरच्या पहिल्या महिन्यात दगावत, आणि त्या रानात मोठे इस्पितळ कुठून आणणार? त्यांनी गावातल्याच, थोडे लिहितावाचता येणाऱ्या बायकांना शिकवले. श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, वजन कसे करायचे, ऊब कशी राखायची, जंतुदोष कसा ओळखायचा, आणि डोळे मोठे करू नका, इंजेक्शन कसे द्यायचे. ३९ गावांत हे काम केले आणि ४७ गावांत केले नाही, म्हणजे तुलना करता यावी. काम केलेल्या गावांत हजारी बासष्ट बाळे पहिल्या महिन्यात जात असत, तो आकडा तिसऱ्या वर्षी साडेपंचवीसवर आला. दुसऱ्या गावांत तो होता तिथेच राहिला. १९९९ साली हे जगापुढे मांडले गेले आणि २०११ साली भारत सरकारने ह्याच धर्तीवर देशभर आशा कार्यकर्त्यांना बाळंतिणीच्या घरी जायला सांगितले. आपल्या आळीत बाळंतपण झाले की जी आशाताई वजनाची झोळी घेऊन येते, तिचे माहेर एका अर्थाने गडचिरोलीचे.

बिनसरकारी संस्थेचे काम एवढेच असावे असे मला वाटते. जे सरकारला सुचत नाही किंवा करायची छाती होत नाही ते लहान प्रमाणात करून दाखवायचे, प्रामाणिकपणे मोजायचे, आणि मग सरकारला ते उचलायला लावायचे. सबंध देशाची बाळे एक संस्था वाचवू शकत नाही. तिने तसा आव आणला तर सरकार सुटले म्हणून सुस्कारा टाकते, आणि तो सुस्कारा आपल्याला महागात पडतो.

उलट बाजूही पाहिली पाहिजे. स्वातंत्र्याच्या सुमारास आपल्या देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना हिवताप होई आणि आठ लाख मरत, असा अंदाज होता. १९४६ साली मुंबई इलाख्यातील कानडा आणि धारवाड जिल्ह्यांत डॉक्टर विश्वनाथन ह्यांनी घराघरांत डीडीटीची फवारणी करून पाहिली आणि उतार दिसला. १९५३ साली देशव्यापी कार्यक्रम निघाला. अमेरिकेची मदत होती, जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला होता. १९५८ पासून तर हिवतापाचे निर्मूलनच करायचे, असा निर्धार जाहीर झाला. १९६५ साली रोगी एक लाखाच्या आसपास उरले आणि मृत्यूची नोंद नव्हती. केवढा विजय! मग मदत आटली, डीडीटी वेळेवर मिळेना, डास त्याला सरावले, शहरांतल्या टाक्यांकडे कोणी पाहिलेच नव्हते, आणि फवारणी थांबल्यावर पाळत ठेवायला लागणारे साधे आरोग्यकेंद्र पुष्कळ ठिकाणी उभेच नव्हते. १९७६ साली रोग्यांचा आकडा चौसष्ट लाखांवर गेला. फवारणारे आले, भिंती पांढऱ्या करून गेले. घरातल्या बाईला डासाविषयी काही शिकवून गेले नाहीत.

देवीचे उलट झाले. तो रोग कायमचा गेला. घरोघर चित्र दाखवत रोगी शोधणारे हजारो लोक, रोगी दाखवणाऱ्याला शेवटी शेवटी हजार रुपये बक्षीस, रशियाने दिलेली लस. १९७५ च्या मे महिन्यात देशातला अखेरचा रोगी सापडला आणि १९८० साली साऱ्या जगातून देवी गेल्याचे जाहीर झाले. आपल्या दंडावरचे वण ज्यांना आहेत त्यांना त्याचे महत्त्व सांगायला नको. परंतु त्याच मोहिमेत काही ठिकाणी दारे ढकलून, बायकामाणसांना धरून जबरीने टोचले गेले, असे त्यात काम केलेल्या लोकांनीच लिहून ठेवले आहे. रोग गेला, पण 'टोचणारे' म्हटले की दार लावायची सवय काही वस्त्यांत मागे राहिली. पोलिओच्या वेळी ही दारे उघडायला उत्तर प्रदेशात त्याच वस्तीतल्या बायकांना घरोघर पाठवावे लागले. रोटरीने १९८५ पासून जगभर पैसा उभा केला, लस आली, बूथ झाले. पण 'थेंबांनी मूल वांझ होते' ही अफवा मोडली ती ओळखीच्या बाईनेच. १३ जानेवारी २०११ चा, हावडा जिल्ह्यातला, रोगी देशात शेवटचा ठरला.

आता आपले पत्र. मी स्वतः होकाराच्या बाजूची आहे. आपल्या आळीत चाळिशीपुढच्या कितीजणींचा रक्तदाब कधी मोजलाच गेलेला नाही, हे हळदीकुंकवाच्या दिवशी सहज विचारून पाहा. पण ही गाय घ्यायची तर दात मोजून.

त्यांच्या पत्रात औषधे दोन वर्षे विनामूल्य, असे आहे. रक्तदाबाची गोळी बहुतेकांना जन्मभर घ्यावी लागते. दोन वर्षांनी केंद्र उठले आणि गोळी सुटली, तर डोक्यातली रक्तवाहिनी तुटायचा धोका पुन्हा उभा. तेव्हा पहिल्या दिवसापासून प्रत्येकीचे नाव नगरपालिकेच्या दवाखान्यात नोंदवले गेले पाहिजे आणि गोळ्या शक्य तेवढ्या तिथूनच मिळाल्या पाहिजेत. तिथे त्या कधी मिळतात, कधी संपलेल्या असतात, हे मला माहीत आहे. मग संपल्या म्हणून तक्रार करायला आपण जाऊ. त्यासाठीच तर मंडळ आहे. वेगळे चकचकीत केंद्र काढून सरकारी दवाखान्याकडे पाठ फिरवली, तर पुढे तिथल्या डॉक्टरची जागा रिकामी राहिली तरी विचारणारे कोणी उरणार नाही.

तपासणी त्यांच्या मुलींनी करावी आणि आपण रांगेत बसावे, हे मला पसंत नाही. आपल्यातल्या चारपाच जणींना त्यांनी रक्तदाब आणि साखर मोजायला नीट शिकवावे, आणि महिन्याने परीक्षा घ्यावी, ब्रॅकसारखी. शेवटच्या सहा महिन्यांत मोजण्याचे काम आपल्याच बायकांकडे असावे. यंत्रे जाताना इथे ठेवून जावीत, हे लेखी घ्यावे.

नोंदवह्यांचा प्रश्न नाजूक आहे. कोणाला काय दुखणे, कोणाचा पाळीचा त्रास, हे सारे त्यांच्याकडे लिहिले जाणार. एक कार्ड त्या त्या बाईच्या हाती असलेच पाहिजे. बाकी नोंदी कुठे जाणार, कोण पाहणार, त्यावर लेख लिहिले जाणार असतील तर नावे काढणार का, हे विचारायचे. आणि देणगीदारांना दाखवायला तपासणीच्या खोलीत छायाचित्रे काढायची नाहीत. ज्या बाईला काढून घ्यायचे असेल तिने बाहेर ओट्यावर, पदर नीट करून, खुशाल काढून घ्यावे.

पैशाविषयी खजिनदारबाईंना काळजी होती, ती रास्त आहे. परदेशी देणगीचा कायदा कडक आहे. २०२० च्या दुरुस्तीनंतर अशी देणगी घेणाऱ्या संस्थेला ती दुसऱ्या संस्थेच्या हवाली करता येत नाही. तेव्हा त्यांच्याकडून रोख रक्कम मंडळाच्या खात्यात घ्यायची नाही. आपण सभागृह द्यायचे, आणि विजेचे बिल व झाडलोट ह्यांचे काय करायचे ते जाणकार हिशेबनिसाला विचारून ठरवायचे. 'परक्याचा पैसा नको' म्हणणाऱ्या मैत्रिणींचे ह्याने बरेच समाधान व्हावे. मात्र पैसा परका म्हणून औषध परके होत नाही, एवढे त्यांनी माझे ऐकावे.

पाटीचेही पत्रात लिहिले आहे. दारावर त्यांच्या नावाची पाटी हवी म्हणतात. लावू द्यावी. मंडळाच्या पाटीपेक्षा मोठी नसावी, आणि दोन वर्षांनी काढताना भिंतीची भोके त्यांनी बुजवून द्यावीत.

पत्राची नक्कल कार्यालयातल्या फळ्याला लावली आहे. कार्यकारिणीची सभा दिवाळीनंतरच्या पहिल्या शनिवारी दुपारी चार वाजता आहे आणि ह्या विषयापुरती ती सर्व सभासदांना खुली ठेवली आहे. येताना आपापले प्रश्न कागदावर लिहून आणावेत. रक्तदाब मोजायला शिकण्याची ज्यांची तयारी असेल त्यांनी नावे चिटणीसबाईंकडे द्यावीत. आतापर्यंत तीन आली आहेत, आणि त्यांतल्या एकीने वयाची पासष्टी ओलांडली आहे.